शेवटच्या भागापासून सुरुवात नको

महोदय,

'याकुझा ६: द साँग ऑफ लाइफ' हा 'याकुझा' या जपानी गुंडांवरच्या गेममालिकेचा नायक काझुमा किर्यू याच्या कथेचा शेवटचा भाग आहे, शिवाय आटोपशीर आहे, तेव्हा नवख्या खेळाडूने थेट त्यालाच हात घालावा, असा सल्ला आपल्या पुरवणीतील गेमविषयक मजकुरात वाचला. आटोपशीर हे खरेच. मुख्य कथा साधारण २० तासांत उरकते. 'याकुझा ५' जवळपास दुप्पट वेळ मागतो. पण या सल्ल्यावर विसंबून सुरुवात करणारा बहुधा पहिल्या दोन तासांतच गेम बाजूला ठेवेल, आणि त्यात दोष गेमचा नसेल.

६ ची सुरुवात ५ च्या शेवटाला अगदी चिकटून होते. जखमी किर्यू रुग्णालयात, मग तीन वर्षांचा तुरुंगवास. सुटून येतो तो त्याने लेकीसारखी सांभाळलेली हारुका बेपत्ता. ती सापडते तेव्हा गाडीच्या धडकेने बेशुद्ध, आणि मागे हारुतो नावाचे तान्हे बाळ. (एवढे जाहिरातींतूनच सांगून झाले होते, त्यामुळे रसभंगाचा ठपका नको.) हे सगळे बरेचसे दृश्यांमधून उलगडते, हातात कंट्रोलर असतो पण करायला फारसे काही नसते. मालिका खेळत आलेल्याला ही हारुका आठवते ती २००५ च्या पहिल्या गेममधली: टोकियोतल्या कामुरोचो या काल्पनिक वस्तीतल्या एका बारमध्ये, प्रेतांच्या शेजारी, दोन्ही हातांत पिस्तूल धरून किर्यूवर रोखणारी नऊ वर्षांची मुलगी. पुढे ती ओकिनावाच्या अनाथाश्रमात वाढते, ५ मध्ये गायिका होते. ज्याला हे काहीच ठाऊक नाही त्याच्या दृष्टीने ६ मध्ये रुग्णालयातल्या खाटेवर कोणी एक तरुणी पडलेली असते, आणि पन्नाशीला टेकलेला एक माणूस तिच्यासाठी एवढा का धडपडतो हे त्याला कळायला मार्ग नसतो.

मग सुरुवात कुठून? 'याकुझा ०' पासून. तो २०१५ मध्ये आला, पण कथा १९८८ ची आहे आणि आधीचे काहीही माहीत असण्याची गरज नाही. त्यानंतर 'किवामी' आणि 'किवामी २', म्हणजे पहिल्या दोन गेमच्या नव्याने बनवलेल्या आवृत्त्या. मग ३, ४, ५ च्या सुधारित आवृत्त्या, आणि शेवटी ६. या वाटेवर बहुतेक लोक गळतात ते ३ मध्ये, आणि त्याला कारण आहे. 'किवामी २' हा २०१७ चा, ६ साठी बांधलेल्या 'ड्रॅगन इंजिन' या नव्या सॉफ्टवेअरच्या पायावर चालणारा गेम. तो संपवून ३ सुरू केला की तुम्ही एकदम २००९ मध्ये जाऊन पडता. त्यात शत्रू सतत बचाव घेऊन उभे राहतात. (प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवरचे) चौकोनाचे बटण बडवत बसलात तर एकेका गुंडाला लोळवायला मिनिटे लागतात आणि माणूस वैतागतो. तिथे वर्तुळाचे बटण वापरायचे. पकड घेतली की बचाव आपोआप मोडतो. पकडलेल्याला त्याच्याच साथीदारांच्या अंगावर फेकायचे. रस्त्याकडेची सायकल वा पाटी उचलून हाणली तरी कोंडी फुटते. पुढे कोमाकी गुरुजींकडून लढण्याचे धडे मिळतात, ते टाळू नयेत.

वेळच नसेल तर ४ चा गोषवारा पाहून घेतला तरी चालेल, असे माझे मत आहे. चार नायकांपैकी साएजिमा आणि अकियामा यांची ओळख झाली म्हणजे पुरे. ३ मात्र गाळू नये, कारण अनाथाश्रम आणि तिथली मुले तिथेच भेटतात. ५ ही नाही, कारण त्याच्या अखेरीस हारुका जो निर्णय घेते त्याचीच किंमत ६ मध्ये मोजली जाते.

आता खुद्द ६ विषयी. तो जपानमध्ये ८ डिसेंबर २०१६ रोजी आला, पहिल्या गेमला बरोबर ११ वर्षे झाली त्या दिवशी. बाहेरच्या जगात एप्रिल २०१८ मध्ये, आणि पीसीवर २०२१ मध्ये. त्याच्याविषयीची नेहमीची तक्रार अशी की यात सगळेच कमी झाले. नायक एकच, लढण्याची पद्धत एकच, आखाडा गायब, कामुरोचोचा काही भाग बंद, शस्त्रे खिशात बाळगता येत नाहीत, आणि किर्यूचा जुना साथीदार-प्रतिस्पर्धी माजिमा याचे दर्शन नावापुरते. तक्रार खरी आहे. पण हे सगळे कथेच्या गरजेपोटी झाले असे सांगणाऱ्यांवर फार विश्वास ठेवू नये. इंजिन नवे होते, जुने सामान त्यात जसेच्या तसे बसत नव्हते, आणि वेळ मोजका होता. पटणारे कारण हेच. एका वर्षाने त्याच इंजिनवर आलेल्या 'किवामी २' मध्ये आखाडाही परतला आणि शस्त्रेही.

बदल्यात जे मिळाले ते मात्र लहान नाही. जुन्या गेममध्ये दुकानाच्या दाराशी गेले की पडदा काळा व्हायचा, भांडण सुरू व्हायच्या आधी थांबावे लागायचे. इथे रस्त्यावर सुरू झालेली मारामारी सरळ दुकानात शिरते: दार ढकलून तुम्ही आत, मागून तिघे आत, एकाला उचलून फेकले की फळीवरच्या बरण्या-पाकिटे खाली सांडतात, आणि हे सगळे कुठेही न थांबता. सेव्ह करायला टेलिफोनचे खोके शोधत फिरण्याची गरजही संपली. खिशातल्या फोनवरून जवळपास कुठेही सेव्ह करता येते.

या मोकळेपणाचा एक तोटा लढाईत जाणवतो. शरीरे आता खरोखर वजन असल्यासारखी पडतात, त्यामुळे त्रिकोणाच्या बटणाने मारलेल्या शेवटच्या फटक्याने माणूस लांब उडतो आणि तुमच्या फटक्यांची पुढची माळ हवेत जाते. घोळक्यात हे फायद्याचे, एकाच्या धक्क्याने तिघे आडवे होतात. एकास एक लढतीत नाही. तिथे त्रिकोण लवकर दाबू नये. एल-१ ने बचाव घ्यावा, एक्सने बाजूला सरकावे, आणि समोरच्या मुख्य शत्रूचा वार चुकल्यावरच दोन-तीन फटके द्यावेत. हीटचे, म्हणजे लढताना साठणाऱ्या शक्तीचे, गोळे भरले की आर-२ ने 'एक्स्ट्रीम हीट' सुरू होते. त्या अवस्थेत किर्यू साध्या फटक्यांनी सहसा डगमगत नाही, पण गोळे भराभर रिकामे होतात. गल्लीतल्या गुंडांवर ती उधळणे हा नवख्याचा हमखास गुन्हा. शस्त्रांची जागा वाचलीच आहे, तर खिसे पेयांनी भरून ठेवावेत: स्टॅमिनन प्रकृतीसाठी, टॉरिनर हीटसाठी.

अनुभवाचे गुण पाच प्रकारांत मिळतात: ताकद, चपळाई, मनोबल, तंत्र आणि आकर्षण. प्रत्येक कौशल्याला यांपैकी वेगवेगळे गुण लागतात, म्हणून थोडे इथे थोडे तिथे अशी वाटणी करत बसू नये. आधी प्रकृती आणि मारा वाढवावा, मग हीटचे गोळे, बाकीचे सावकाश. गुण मिळवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जेवणे. उपाहारगृहात कोणत्या पदार्थाने कोणते गुण मिळतात ते यादीतच दिसते. मात्र पोट भरलेले असताना खाल्ले तर त्या गुणांवर पाणी सोडावे लागते, आणि इथेच अनेक जण फसतात: जखमी झाले की सवयीने जेवायला जातात. जखमेवर पेय घ्यावे, जेवण भुकेसाठी राखावे. कामुरोचोतल्या रायझॅप व्यायामशाळेत व्यायाम झाला की प्रशिक्षक काय खावे ते सांगतो. त्याने सांगितलेलेच जेवल्यावर गुणांची भर एरवीपेक्षा मोठी असते. तेव्हा तिथे रिकाम्या पोटीच जावे.

ओनोमिची हा या गेमचा खरा ठेवा. टोकियोतल्या काबुकिचोवरून कामुरोचो आणि ओसाकातल्या दोतोनबोरीवरून सोतेनबोरी अशी नावे फिरवणाऱ्या या मालिकेने हिरोशिमा प्रांतातल्या या बंदराच्या गावाचे नाव राखले आहे. चढणीच्या पायऱ्या, वर देऊळ, खाली समुद्र, आणि दुपारच्या उन्हात जवळजवळ रिकामी बाजारपेठ. कामुरोचोच्या दिव्यांनंतर इथे पाय आपोआप मंदावतात. गावातल्या छोट्या टोळीचा म्हातारा प्रमुख हिरोसे याचे काम जपानी अभिनेते-दिग्दर्शक बीट ताकेशी यांनी केले आहे. चेहराही त्यांचा, आवाजही. इथे कथेच्या मागे धावत सुटू नये. न्यू गाउदी नावाच्या लहानशा बारमध्ये बसून गिऱ्हाइकांच्या गप्पांत योग्य वेळी योग्य उत्तर द्यायचे असते, आणि त्या छोट्याशा जगातून गाव जेवढे कळते तेवढे मुख्य कथेतूनही कळत नाही. बेसबॉलचा संघ बांधणे आणि भाला घेऊन पाण्याखाली मासेमारी हेही तिथेच. टोळी उभारण्याचा जो उपखेळ आहे, त्यात ओकादा, तानाहाशी यांच्यासारखे खरे जपानी कुस्तीगीर असले तरी तो मला पोकळ वाटतो. कंटाळा आला तर खुशाल सोडावा. उपकथा पन्नासच्या आसपास आहेत. त्या राहिल्या म्हणून अडून बसू नये: मुख्य कथा संपल्यावर 'प्रीमियम अॅडव्हेंचर'मध्ये दोन्ही गावांत मोकळे हिंडून त्या पुऱ्या करता येतात.

पालकांसाठी एक गोष्ट आपल्या मजकुरात यायला हवी होती. हा गेम जपानमध्ये १७ वर्षांवरील आणि युरोपात १८ वर्षांवरील गटात आहे, आणि कारण केवळ रक्तपात नाही. त्यात खऱ्या स्त्रियांच्या चित्रफितींवर बेतलेला प्रौढांसाठीचा लाइव्ह चॅट आहे. आवाज फक्त जपानी आहेत, तेव्हा उपशीर्षके वाचण्याची तयारीही हवी.

राहता राहिला 'शेवटचा' हा शब्द. मालिका २०२० मध्ये इचिबान कासुगा या नव्या नायकासह पुढे गेली, तीही पाळीपाळीने लढण्याची पद्धत घेऊन, आणि २०२३ पासून किर्यूही नायक म्हणून परतला. म्हणजे ६ नंतर खेळायचे असेल तर आधी कासुगाचा 'लाइक अ ड्रॅगन', मग 'गायडेन', मग 'इन्फिनिट वेल्थ'. 'गायडेन'ची कथा 'लाइक अ ड्रॅगन'च्याच काळात घडते, त्यामुळे हे दोन उलट क्रमाने घेऊ नयेत. आणि ६ संपेपर्यंत 'गायडेन'च्या विक्रीच्या पानावर जाऊ नये. त्याचे पूर्ण नाव मी इथे मुद्दाम लिहिलेले नाही, कारण त्या नावातच ६ चा शेवट फुटतो.

आपला,
एक वाचक