आई-बाबा, आधी ओरडू नका

प्रिय आई, बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर आई अर्ध्यात रडली असती आणि बाबा तुम्ही फोन घेऊन पडवीत गेला असतात, म्हणून लिहितेय. मोबाईलवर एवढं लांबलचक वाचताना बाबांचा चष्मा नाकावर येतो माहितीये, तरी आईला मोठ्याने वाचून दाखवा, तिला हल्ली स्क्रीन धूसर दिसते. त्यावर शेवटी बोलणार आहे, सुटका नाही.

तर माझी खालची उजवी अक्कलदाढ गेल्या गुरुवारी काढून झाली. आज सहावा दिवस, उद्या टाके निघतील. रविवारी व्हिडिओ कॉल घेतला नाही आणि नेट नाहीये म्हटलं ते खोटं होतं, गालात बुंदीचा लाडू ठेवल्यासारखी सूज होती आणि ते बघून आई रातोरात कुंभार्ली घाट चढली असती. सॉरी. खरंच सॉरी.

आणि दुसरी गोष्ट, पूर्ण भूल नाही घेतली. लोकलमध्ये, म्हणजे तेवढी जागा बधीर करून काढली.

बाबा, तुमचं म्हणणं काय होतं ते विसरले नाहीये. वरच्या आळीतल्या काकूंच्या मुलाला अमेरिकेत झोपवलं आणि चारही दाढा एका फटक्यात काढल्या, त्याला कळलंसुद्धा नाही, मग तू कशाला त्रास सोसतेस, पैशाचं मी बघतो. पैशासाठी नाही केलं हो. म्हणजे फरक होता, बराच होता, ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ, आदल्या तपासण्या सगळं आलं त्यात, पण परवडत नव्हतं असं नाही. उगाच मनाला लावून घेऊ नका.

मुळात आधी मी दुसऱ्याच एका दवाखान्यात गेले होते, तिथे एक्सरे नीट बघायच्या आधीच चारही दाढा, पूर्ण भूल, एकच पॅकेज असं सुरू झालं. माझ्या वरच्या दोन सरळ आल्यात, कोणाला त्रास देत नाहीयेत, त्या का काढायच्या विचारलं तर "पुढे त्रास देतील ना" म्हणे. तिथून निघाले ते परत गेले नाही. मग ताईच्या ओळखीतल्या मॅक्सिलोफेशियल, म्हणजे जबडा-चेहऱ्याची ऑपरेशनं करणाऱ्या, सर्जन बाईंकडे गेले, त्यांनी तो मोठा एक्सरे लायटीवर धरून दाखवला. दाढ चक्क आडवी होती. एसटीत शेजारचा कसा आपल्या खांद्यावर डोकं टाकून झोपतो, तशी ती पुढच्या दाढेवर डोकं टेकून पडलेली. मधल्या फटीत अन्न अडकून पुढची चांगली दाढ किडायला लागली होती, आणि दिवाळीपासून तीनदा हिरडी सुजली ती त्याचमुळे. आई, तू लवंग लाव म्हणालीस, लावली होती, पण आडव्या दाढेला लवंग काय करणार.

त्यांनाच विचारलं मी, लोकल की जनरल. त्या म्हणाल्या की चारही खोल रुतल्या असतील, तोंडच उघडत नसेल किंवा सुई बघून माणूस खुर्चीतून पळत असेल तर जनरल चांगलीच, आणि आता धडधाकट माणसाला तिची भीती बाळगायचं कारण नाही. मधला मार्गही असतो, शिरेतून औषध देऊन गुंगीत ठेवतात. पण माझ्या एका दाढेसाठी पूर्ण भूल म्हणजे सहा तास उपाशी राहायचं, सर्जनला तोंडात काम करायचं असतं म्हणून श्वासाची नळी बहुतेक नाकातून घालतात, मग घसा दुखतो, मळमळतं, आणि नंतर चोवीस तास कोणीतरी जबाबदार माणूस सोबत हवं. आणि मला ज्याची खरी धाकधूक होती, खालच्या ओठाची संवेदना आणणारी ती नस दाढेच्या मुळांजवळून जाते ना, तिला धक्का लागायची जोखीम जागं असलं काय न् झोपलं काय, असतेच.

(चोवीस तास सोबतीला माणूस म्हटल्यावर तुम्ही दोघं बॅगा भरणार हे मला माहीत होतं. हेही एक कारण होतंच. तुम्ही नको होतात असं नाही, बाबांच्या गोळ्या आणि आईचा गुडघा घेऊन त्या घाटातून सात तास नको होते.)

बाबा, हे तुम्हाला आवडेल. पूर्ण भुलीची गोष्टसुद्धा दातापासूनच सुरू होते. अमेरिकेत होरेस वेल्स नावाच्या दाताच्या डॉक्टरने १८४४ च्या डिसेंबरमध्ये एका खेळात बघितलं की हसवणारा वायू हुंगलेल्या माणसाच्या पायाला लागलं तरी त्याला पत्ता नाही, तर दुसऱ्याच दिवशी स्वतः तो वायू घेऊन स्वतःचीच दाढ काढून घेतलीन. आणि मला जे टोचलं ते लिग्नोकेन, जागा बधीर करायचं औषध, ते जवळजवळ शंभर वर्षांनी, १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालं. खुर्चीत बसून हे कोण आठवतं? मी. तुमचीच मुलगी.

आता झालं कसं ते सांगते, आई तू कान झाकू नकोस. जबड्याच्या मागे आत एक इंजेक्शन, ते टोचतं, तेवढंच काय ते दुखलं. त्यात अ‍ॅड्रेनलिन असतं म्हणे, रक्त कमी यावं म्हणून, त्याने मिनिटभर छातीत धडधडलं आणि मग हळूहळू अर्धा ओठ, अर्धी जीभ दुसऱ्या कोणाची तरी झाली. त्यांनी विचारलं काही दुखतंय का, मी म्हटलं नाही, ते "नाफी" असं आलं. नंतर दुखलं शून्य, पण दाब कळतो, चांगला कळतो, जबडा कोणीतरी ढकलतंय असं. आणि आवाज. हाड थोडं कोरलं, मग दाढ तशीच निघत नाही म्हणून तिचे तुकडे केले, आणि तो तुटतानाचा आवाज थेट डोक्यात झाला, कट्ट. बाबा, तुमच्या अडकित्त्यात सुपारी फुटते तो आवाज. हुबेहूब. मला त्या हिरव्या कापडाखाली हसू आलं, सिस्टरना वाटलं रडतेय, त्यांनी हात धरला. मी पण सोडला नाही मग. चाळीसेक मिनिटांत टाके घालून मोकळी, रिक्षाने घरी. ओठ तीन-चार तास बधीर होता, तेवढ्यात काही खाऊ नका सांगितलेलं तरी मी गालच चावून घेतला. ओठाची जाण सगळी परत आलीये, पहिल्याच रात्री टाचणीने टोचून बघितलं (हो, स्वच्छ होती टाचणी).

जेवणाची काळजी करू नका. पहिल्या दिवशी गार ताक आणि आइस्क्रीम, ते पण चमच्याने, कारण स्ट्रॉने ओढलं की खड्ड्यात धरलेली रक्ताची गुठळी निघते आणि मग मरणाचं दुखतं. थुंकायचं पण नाही जोरात. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या गुळण्या, मऊ भात, मेतकूट, तूप. रूममेटने मुगाची खिचडी इतकी पातळ केली की तिला आमटी म्हणावं, पण केलीन बिचारीने. रात्री दोन उशा घेऊन झोपते. गोळ्या वेळेवर. तोंड अजून दोनच बोटं उघडतं, म्हणून परवा फोनवर मी कमी बोलले, रागावले नव्हते.

आता खरं कारण. हे मी सर्जन बाईंना पण नाही सांगितलं.

आई, तुझ्या पित्ताच्या खड्यांच्या ऑपरेशननंतर तुला खोलीत आणलं तेव्हा बाबा खाली औषधं घ्यायला गेले होते आणि मी एकटी होते. तू डोळे उघडलेस, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "आक्का, गाय बांधलीस का?" मी म्हटलं, अगं आई मी. तू परत, "अंधार पडतोय, बांधलीस का गाय?" मग मी म्हटलं, हो, बांधली. तर तू इतकं छान हसलीस. दहा मिनिटं मी आक्कामावशी होते. मग तू डोळे मिटलेस, परत उघडलेस आणि म्हणालीस, "चिमे, तू जेवलीस का?" तेव्हा मी बाहेर जाऊन रडले. तुला कधी सांगितलं नाही, बाबांना पण नाही. तिथल्या सिस्टर म्हणाल्या भूल उतरताना होतं असं कोणाकोणाला, आणि तुला काहीही त्रास होत नव्हता, उलट इतकी खूश मी तुला कितीतरी दिवसांत बघितली नव्हती. पण फॉर्मवर जनरल की लोकल यावर खूण करायची वेळ आली तेव्हा मला तेच आठवलं. मी एकटी उठणार, कोणाला काय हाक मारीन, आणि हो बांधली म्हणायला कोण असेल. शहाणपणाचं कारण नाहीये हे, वर लिहिलेली सगळी शहाणपणाची आहेत. पण खूण यामुळे केली.

आणि म्हणूनच आई, तुझं मोतीबिंदूचं. वर्ष झालं पुढे ढकलतेयस. परत ती भूल नको, परत ते बेशुद्ध होणं नको. अगं त्याला पूर्ण भूल देतच नाहीत सहसा! डोळ्यात थेंब टाकून बधीर करतात, फार तर बाजूला एक इंजेक्शन, तू जागी असतेस, डॉक्टर बोलत असतात, आणि त्याच दिवशी घरी. नानांना आठव, ते तर तिथून थेट बाजारात निघाले होते. बाबा, या आठवड्यात डॉक्टरांची तारीख घ्या आणि मला कागदाचा फोटो पाठवा, "बघू" असा मेसेज नको. आणि तुमचा तो हलणारा दात घरी उपटायचा नाही. आपण रक्त पातळ करायची गोळी घेतो हे दातवाल्यांना आधी सांगायचं, आणि ती गोळी स्वतःच्या मनाने एक दिवससुद्धा बंद करायची नाही, हार्टवाल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. कळलं? कळलं म्हणा.

खालची डावी अक्कलदाढ पुढच्या महिन्यात, सूज पूर्ण गेली की. तीही लोकलमध्येच, पण यावेळी आधी सांगतेय. यायचं असेल तर या, दिवसाच्या गाडीने, आई खिडकीशी. येताना नाचणीचं पीठ आणा, आंबील करून दे मला, रूममेटला जमत नाही. फणसाचे गरे नकोत, मला चावता येणार नाहीत आणि बघवणार पण नाही.

आणि बाबा, पहिला दात काढताना "तो बघ कावळा" म्हणून मला फसवलं होतंत ना, तो दोरा आणू नका.

तुमची,
चिमी