दादा, त्या पट्ट्यांसाठी मनापासून आभार

दादा,

त्या दिवशी लॅटेक्स प्रिंटरवर विनाईलची प्रिंट बिघडत होती म्हणून फोन केला. तुम्ही उचललात आणि पहिलाच प्रश्न विचारलात, "प्रिंटवर नख फिरवून बघितलंस का?" नव्हतं बघितलं. मी नुसता तापमानाचा आकडा वर नेत बसलो होतो.

बरीच वर्षं सॉल्व्हंट मशीन (उग्र वासाच्या द्रावकातली शाई वापरणारं) चालवलेल्या माणसाला लॅटेक्स म्हणजे तेच काम, फक्त वास नाही, असं वाटतं. मलाही वाटलं होतं. गडद भाग तेलकट लागत होता, बोट फिरवलं की काळं निघत होतं. वाळत नाही ना, मग वाढव उष्णता! पातळ विनाईल ते, लगेच फुगलं. कडेला लाट उठली, शाई सोडणारं हेड तिला घासून गेलं आणि पांढऱ्या जागेत लांबलचक काळा फराटा. वर शाईलाच नावं ठेवून मी मोकळा.

तुम्ही मात्र शाईची बाजू घेतलीत, तीही न रागावता. ही शाई पाण्याची आहे. आधी पाणी उडणार, मग त्यातले पॉलिमरचे कण उष्णतेनं एकमेकांना धरून रंगावर पापुद्रा बसवणार. पाणी आत राहिलं तर पापुद्रा धरणारच नाही. मग म्हणालात, "आच मोठी नको, वेळ जास्त दे." तापमान ५ अंशांनी खाली आणलं, पास, म्हणजे एकाच जागेवरून हेडच्या फेऱ्या, ८ चे १२ केले, शाईचं प्रमाण थोडं उतरवलं. पास वाढले की एका फेरीत थोडीच शाई पडते आणि मीडिया, म्हणजे ज्यावर छापतो ते विनाईल वगैरे, हीटरखाली जास्त वेळ राहतो, हे इतकं सरळ गणित मला कुणी सांगितलं नव्हतं. मशीन हळू चालतं, हे खरं. पण पुन्हा छापण्यापेक्षा हळू छापणं केव्हाही परवडतं.

खरा धडा पट्ट्यांचा. तुम्ही प्रत्येक सेटिंगची वीतभर पट्टी काढायला लावलीत. एका पट्टीत एकच गोष्ट बदलायची, आणि काय बदललं ते मार्करनं त्याच पट्टीवर लिहायचं. मी आधी तापमान, पास, व्हॅक्यूम (मीडिया सपाट धरून ठेवणारी हवेची ओढ) सगळं एका दमात हलवायचो. मग प्रिंट सुधारली तरी कशानं सुधारली ते कळायचं नाही. चौथी पट्टी गार होऊ दिली, ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासली. फडकं पांढरंच. नख ओढलं, रंग हलला नाही. तुम्ही फोनवरच होतात, आणि मी काही न बोलता हसत होतो.

बारीक पांढऱ्या रेघा राहिल्या होत्या, तेव्हा मी लगेच हेड साफ करायला निघालो. तुम्ही थांबवलंत. आधी नोझल चेक बघ, म्हणजे हेडची सगळी छिद्रं शाई सोडतायत का ते दाखवणारा नमुना. तो स्वच्छ असेल तर मीडिया एका वेळी जरा जास्त सरकतोय. रेघा गडद असत्या तर कमी सरकतोय. सरकण्याचा आकडा किंचित उतरवला आणि रेघा गेल्या. किती शाई फुकट गेली असती!

प्रोफाईल, म्हणजे रंग मोजून ते बरोबर उतरावेत म्हणून केलेली फाईल, सगळ्यात शेवटी करायला लावलंत, त्याचा तेव्हा थोडा राग आला होता, खोटं कशाला बोलू. रंग जुळवायची घाई मलाच होती. पण शाईचं प्रमाण आणि पास बदलले की आधी मोजलेले रंग कुचकामी, हे करड्या पट्टीत हिरवट झाक दिसली तेव्हा पटलं. ठरलेल्या सेटिंगवर आधी कॅलिब्रेशन (मशीनची शाई ठरलेल्या मापावर आणणं), मग प्रोफाईल; झाक गेली.

ते सेटिंग आता नव्या नावानं मशीनमध्ये आहे, आणि चौथी पट्टी मशीनच्या बाजूला चिकटवलेली. नवीन मुलगा कामाला लागला की त्याला आधी तीच दाखवतो. कालच कॅनव्हासचा रोल आलाय. पट्ट्या काढून, लिहून, घासून झाल्या की फोन करतो. या वेळी नख आधी फिरवलेलं असेल.

तुमचाच,
मशीनपाशी उभा असलेला