आटे गेले म्हणून सायकलची फ्रेम भंगारात काढू नका

संपादक महोदय,

पंढरपूरची सायकल वारी जवळ आली की नाशिकमध्ये सायकली दुरुस्तीला निघतात. याच गडबडीत चांगल्या फ्रेमचे आटे खराब होतात आणि मालकाला उत्तर मिळते, ‘फ्रेम गेली, नवी घ्या.’ बहुतेक वेळा फ्रेम गेलेली नसते. त्याविषयी हे पत्र.

सर्वांत जास्त नुकसान होते ते बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पायडलचा एक्सल ज्या नळीत बसतो तिच्या आट्यांचे. आज विकल्या जाणाऱ्या आट्यांच्या नळीच्या बहुतेक सायकलींना १.३७ इंच व्यासाचे, इंचाला २४ असे आटे असतात. चेनच्या म्हणजे उजव्या बाजूचे आटे उलटे (घड्याळाच्या काट्याच्या विरुद्ध दिशेने आवळणारे) आणि डाव्या बाजूचे सुलटे. पायडल मारताना बसणाऱ्या ताणाने कप, म्हणजे नळीच्या दोन्ही तोंडांत आट्यांनी बसणाऱ्या, बेअरिंग धरणाऱ्या कड्या, आपोआप सैल होऊ नयेत, म्हणून ही रचना. हे लक्षात न घेता उजवा कप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला, अडकतोय म्हणून पान्याला पाइप लावून जोर दिला, की तो तिरका शिरतो. आट्याची खोली जेमतेम अर्धा-पाऊण मिमी. दोन फेऱ्यांत ते सोलून निघतात.

दुसरे कारण रंगकाम. जुनी फ्रेम पावडर कोटिंगला देताना नळीची तोंडे बंद केली नाहीत, तर रंग आट्यांत भरतो आणि पुढे कप जबरदस्तीने बसवला जातो. रंगाला देण्याआधी बेअरिंग काढलेले जुने कप दोन्ही बाजूंनी लावून ठेवले की हा प्रश्नच येत नाही. तिसरे कारण आपला पावसाळा. सीटच्या नळीतून पाणी उतरून खाली साचते, ग्रीस नसेल तर कप गंजाने धरतो आणि काढताना आटे सोबत घेऊन येतो.

दुरुस्तीत पहिले काम स्वच्छतेचे. रॉकेल आणि पितळी ब्रशने आटे धुऊन टॉर्चच्या उजेडात पाहावेत, पिच गेजने (आट्यांमधले अंतर, म्हणजे पिच, मोजणाऱ्या पट्ट्यांनी) इंचाला २४ची खात्री करावी. फक्त तोंडाचे दोन-तीन आटे दबले असतील तर टॅप (भोकात आटे पाडण्याचे हत्यार) फिरवून ते सरळ होतात. टॅप जोडीने लागतात, एक उलटा आणि एक सुलटा, आणि दोन्ही एकाच दांड्यावर समोरासमोर बसवून फिरवावे लागतात. एकेक वेगळा फिरवला तर दोन कप एका रेषेत येत नाहीत आणि बेअरिंग लवकर मरतात. स्टीलला कटिंग ऑइल आणि ॲल्युमिनियमला रॉकेल लावावे. अर्धी फेरी पुढे, पाव मागे, असा चुरा मोडत जावे. टॅप नसेल आणि इजा किरकोळ असेल, तर त्याच बाजूच्या जुन्या स्टील कपाच्या आट्यांवर हॅकसॉने तीन आडव्या खाचा पाडाव्यात. चुरा खाचांत साठतो आणि कप हाताने हळूहळू वाट काढतो. पण हे फक्त स्वच्छतेपुरते, नवे आटे याने पडत नाहीत.

निम्म्याहून जास्त आटे गेले असतील तर आट्यांशिवाय बसणारे कार्ट्रिज (एक्सल आणि बेअरिंग एकत्र असलेला तयार संच) घ्यावे. ते दोन्ही टोकांच्या शंकूच्या आकाराच्या कड्यांनी नळीत आवळून धरते. स्टीलच्या जाड नळीला ३६ मिमीचे इटालियन आटे पाडता येतात, मात्र तिथे दोन्ही बाजू सुलट्या असल्याने उजवा कप सैल होण्याची खोड राहते. टेफ्लॉन टेप किंवा एम-सील भरून कप बसवणे ही फसवणूक आहे. कप वेल्डिंगने डकवणे तर अक्षम्यच. पुढच्या वेळी बेअरिंग बदलायचे कसे?

मागच्या डिरेलरच्या (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेच्या) हँगरला, म्हणजे ती ज्यावर अडकते त्या फ्रेमच्या तुकड्याला, १० मिमी व्यासाचे, १ मिमी पिचचे आटे असतात. हार्डवेअरच्या दुकानात नुसता ‘दहाचा टॅप’ मागितला तर बहुधा १.५ पिचचा हातात पडतो, आणि तो फिरवला की उरलेले आटेही संपतात. १ पिचचाच टॅप घ्यावा आणि तो आतल्या बाजूने घालावा, कारण तिकडचे आटे सहसा शाबूत असतात. ॲल्युमिनियम फ्रेमचा हँगर बहुधा वेगळा निघतो, तो सरळ बदलावा. कॅरिअर आणि मडगार्डच्या भोकांना ५ मिमी, ०.८ पिच, ती गेली आणि भोवती पुरेसा धातू असला तर ५ मिमीचे ड्रिल मारून ६ मिमीचा टॅप घालता येतो.

अंबड-सातपूरच्या वर्कशॉपांत याहून कितीतरी बारीक आटे पाडले जातात, सातपूरच्या आयटीआयत फिटर ट्रेडच्या विद्यार्थ्यांना टॅप धरायला शिकवतात. कमी आहे ती फक्त सायकलच्या मापाच्या टॅपची. हा संच महाग असतो आणि एकेका दुकानाला परवडत नाही, हे मान्य. म्हणून शहरातील सायकल संघटना आणि दुकानदारांनी मिळून एक संच घ्यावा आणि तो वापरायला प्रशिक्षित माणूस नेमावा, ही कळकळीची विनंती.

तोवर सायकलमालकांनी एवढे करावे: नवा कप पहिल्या तीन-चार फेऱ्या पाना न लावता बोटांनीच फिरवायला सांगावा आणि आट्यांना ग्रीस लावून घ्यावे. बोटांनी जात नसेल तर काम तिथेच थांबवावे. वर्कशॉपमध्ये फ्रेम नेताना जुने दोन्ही कप सोबत न्यावेत. माप त्यांवरूनच घेता येते.

— सायकल दुरुस्तीच्या कामातील एक वाचक, नाशिक