गरोदरपणाच्या कार्डावर एक प्रश्न वाढवा : सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे गरोदरपण आणि जीवनसत्त्वांची कमतरता

महोदय, स.न.वि.वि.

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया पुण्यात आता नवलाची राहिलेली नाही, आणि ती करून घेणाऱ्यांत मूल होण्याच्या वयातल्या बायका बऱ्याच असतात. वजन उतरलं की पीसीओडीने अडलेली पाळी सुरळीत होते आणि ध्यानीमनी नसताना दिवस राहतात. निदान १२ ते १८ महिने थांबा, असं त्यांना सांगितलेलं असतं. जठराच्या बायपासनंतर, म्हणजे या शस्त्रक्रियेच्या एका प्रकारानंतर, गर्भनिरोधक गोळ्यांच्या भरवशावर राहता येत नाही, तांबी बसवलेली बरी, हे मात्र सांगायचं राहून जातं.

मग ती नावनोंदणीला येते, महापालिकेच्या दवाखान्यात किंवा ९ तारखेच्या मातृत्व तपासणीला. तिथे तिच्या हाती सगळ्यांना मिळतात त्याच गोळ्या पडतात.

लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, बी-१२ जीवनसत्त्व नसतं. स्लीव्ह या दुसऱ्या प्रकारात जठराचा मोठा भाग काढला जातो, त्यामुळे आम्ल घटतं आणि बी-१२ शोषायला लागणारा घटकही कमी पडतो. बायपासमध्ये अन्न लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जातं, आणि लोह व कॅल्शियम मुख्यतः तिथेच शोषलं जातं. यकृतातला बी-१२चा साठा काही वर्षं पुरतो, म्हणून ही कमतरता शस्त्रक्रियेनंतर लगेच दिसत नाही. दोन-तीन वर्षांनी, नेमकी गरोदरपणाच्या सुमारास वर येते. अशा वेळी नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, नसांची हानी मात्र चालूच राहते. हिमोग्लोबिनवरून हे कळत नाही. एमसीव्हीवरूनही, म्हणजे तांबड्या पेशींच्या सरासरी आकारावरूनही नाही, कारण लोहाच्या कमतरतेने पेशी लहान होतात, बी-१२च्या कमतरतेने मोठ्या, आणि दोन्ही असल्या की सरासरी नॉर्मल येते.

पुण्याला हे नवं वाटायला नको. इथल्या केईएम रुग्णालयाने १९९३ मध्ये आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणींत बी-१२ कमी सापडलं. ज्यांच्यात फॉलेट (फॉलिक ॲसिडच्या गटातलं जीवनसत्त्व) भरपूर आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिन रेझिस्टन्स, म्हणजे इन्शुलिनला शरीराने नीट दाद न देणं, सर्वाधिक होता. त्या बायकांवर कुठलीही शस्त्रक्रिया झालेली नव्हती. आधीच रिकाम्या साठ्यावर बायपास झाला तर काय होईल, याचा अंदाज आपणच करावा.

दुसरी गोष्ट ग्लुकोजच्या पाण्याची. मधुमेह शोधायला सरसकट ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात. बायपास झालेल्या बाईच्या आतड्यात ते धाडकन उतरतं : छातीत धडधड, दरदरून घाम, उलटी, आणि मग साखर घसरते. दोन तासांचा आकडा त्या घसरणीतला असू शकतो, म्हणजे त्रास होतो तो होतोच, वर निदानही चुकतं. त्याऐवजी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान आठवडाभर ग्लुकोमीटरने उपाशीपोटी आणि जेवणानंतर साखर मोजावी. उपाशीपोटी ९५ आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० मिलिग्रॅमच्या (दर १०० मिलिलिटर रक्तात) आत हवी.

सगळ्यात तातडीचं आहे थायमिन, म्हणजे बी-१. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. उलट्या थांबत नाहीत म्हणून बाई रात्री दाखल होते आणि पहिली बाटली लागते ती ग्लुकोजची. ग्लुकोज जाळायला थायमिन लागतं. ते नसताना साखर शिरेतून गेली तर मेंदूला इजा होऊ शकते. डोळे हलतात, चालताना तोल जातो, बोलणं असंबद्ध होतं. म्हणून आधी निदान १०० मिलिग्रॅम थायमिन शिरेतून द्यावं आणि मगच ग्लुकोज. ही लक्षणं दिसत असतील तर ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. इतकं थायमिन साध्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीत नसतं. सलाईन लावणाऱ्या प्रत्येक वॉर्डात ही इंजेक्शनं हवीत. खर्च म्हणाल तर किरकोळ.

बाकीचं थोडक्यात. सरकारी कॅल्शियम कार्बोनेटला आम्ल लागतं, म्हणून या बायकांना सायट्रेट द्यावं, आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. चार आठवड्यांत हिमोग्लोबिन १ ग्रॅमनेही वाढलं नाही तर गोळ्या वाढवून उपयोग नाही. पहिले तीन महिने उलटल्यावर लोह शिरेतून द्यावं. बी-१२ दरमहा १,००० मायक्रोग्रॅम इंजेक्शनने. शस्त्रक्रियेनंतरच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये रेटिनॉल (तयार अ जीवनसत्त्व) असेल तर ती बदलून बीटा-कॅरोटीनची द्यावी. दर तिमाहीत फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, फॉलेट, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम तपासावं. आणि बायपासवाल्या गरोदर बाईचं पोट दुखलं तर 'ॲसिडिटी' म्हणून घरी पाठवू नये. आतडं आतल्या आत अडकलेलं असू शकतं, सर्जनला दाखवावंच.

यातलं काहीही करायला आधी कळायला हवं. म्हणून माता-बाल संरक्षण कार्डावर प्रश्न हवा : वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली आहे का, कोणती, कधी? 'पोटाचं ऑपरेशन झालंय का' एवढं विचारून भागत नाही. दुर्बिणीतून झालेलं अनेकींना ऑपरेशन वाटतच नाही. शिवाय पुष्कळ जणींनी ते सासरी सांगितलेलं नसतं आणि कार्ड तर घरभर फिरतं. तेव्हा सासूबाई बाहेर असताना विचारावं आणि कार्डावर फक्त एक खूण करावी. तपशील दवाखान्याच्या नोंदवहीत राहू द्यावा. आशाताईंना आणि एएनएम भगिनींना त्या खुणेचा अर्थ कळेल असं एक पानी परिपत्रक आपल्या खात्याने काढावं. मसुदा करून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
पुण्यातील काही स्त्रीरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि परिचारिका