मे महिन्यातली विहीर मोजा: केंद्रीय सांख्यिकी मंत्र्यांना नाशिकहून खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय राज्यमंत्री (स्वतंत्र कार्यभार),
सांख्यिकी आणि कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालय,
नवी दिल्ली

विषय: शाश्वत विकासाच्या राष्ट्रीय निर्देशकांत मोजणीचा महिना आणि तालुका यांची नोंद असण्याबाबत

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

मी नाशिक जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका. नोकरीची बरीच वर्षं पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत गेली. प्राथमिक शिक्षकाच्या वाट्याला शिकवण्याबरोबर मोजणीही येते. जनगणना, मतदार याद्या, शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण, सगळ्याला आम्हीच. दिल्लीत छापल्या जाणाऱ्या आकड्याची सुरुवात कुठल्यातरी पाड्यावर, ओट्यावर बसून भरलेल्या फॉर्ममध्ये होते. ती सुरुवात मी जवळून पाहिली आहे, म्हणून हे पत्र.

२०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची १७ ध्येयं आणि १६९ लक्ष्यं मान्य केली. आपल्या मंत्रालयाने त्यावरून भारताची स्वतःची चौकट तयार केली आणि २९ जून २०१८ रोजी, सांख्यिकी दिनाला, ३०६ निर्देशकांची, म्हणजे प्रगती मोजायच्या मापांची, यादी जाहीर केली. हे काम मोठं आहे. इतक्या खात्यांकडून दरवर्षी माहिती गोळा करून एका जागी मांडणं किती जिकिरीचं असतं, याची कल्पना पाच रकान्यांचा तक्ता केंद्रप्रमुखांकडे वेळेत पोचवताना जीव मेटाकुटीला आलेल्या कुणालाही येईल. माझं म्हणणं एकाच गोष्टीबद्दल आहे. काय मोजायचं यावर भरपूर विचार झाला, पण कोणत्या महिन्यात आणि कुठे मोजायचं यावर तेवढा झालेला दिसत नाही. आमच्या जिल्ह्यात तर सगळं त्यावरच ठरतं.

पाण्याचंच बघा. पेठ-सुरगाण्यात वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, इगतपुरीत त्याहून जास्त. त्याच जिल्ह्यात येवला, नांदगाव, सिन्नरला पाचशे-सहाशेवर समाधान मानावं लागतं. जिल्ह्याची सरासरी काढली तर येणारा आकडा पेठचाही नसतो आणि येवल्याचाही नसतो. बरं, पेठला एवढा पाऊस पडूनही फेब्रुवारी सरला की विहिरी तळ गाठतात. खाली काळा बेसॉल्ट आहे, वर डोंगरउतार. पाणी मुरायला जागा कमी, त्यामुळे पडलेला पाऊस बहुतेक पश्चिमेकडच्या नद्यांनी निघून जातो. एप्रिल-मेमध्ये बाया दरीतल्या झऱ्यावर जातात, खडकातल्या खळग्यात साचलेलं पाणी वाटीने हंड्यात भरतात. झरा पुन्हा भरेपर्यंत वाट बघत बसायचं. कधी रात्रीसुद्धा.

आता भूजलाचा निर्देशक घ्या. उपलब्ध भूजलापैकी किती टक्के उपसा होतो, हे त्यात पाहतात. ७० टक्क्यांच्या आत असेल तर क्षेत्र सुरक्षित, १०० च्या वर गेलं तर अतिशोषित. सिन्नर-निफाडच्या बागायती पट्ट्यासाठी हे मोजमाप योग्यच आहे, तिथे बोअर किती खोल गेले हे सगळ्यांना दिसतं. पण पेठ-सुरगाण्यात बागायत नाही, मोटारी मोजक्या, म्हणून उपसा कमी आणि म्हणून टक्केवारी छान. कागदावर तालुका सुरक्षित. तिथल्या बाईला मात्र मे महिन्यात हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो. सूत्रात चूक नाही, मोजणाऱ्याने लबाडीही केलेली नाही. वर्षभराच्या बेरजेत मे महिना हरवून जातो, एवढंच.

नळाचंही तसंच. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला सुरू झालं, माणशी रोज ५५ लिटर हे उद्दिष्ट ठरलं. पाड्यापाड्यावर नळ आले आणि ही मोठी गोष्ट आहे, ती नाकारणार नाही. पण जोडणी एकदा मोजली की ती मोजलेलीच राहते. उद्भव, म्हणजे पाण्याचा स्रोत, आटला म्हणून ती यादीतून वजा होत नाही. महाराष्ट्रात टंचाईच्या काळात टँकरने माणशी २० लिटर पाणी देण्याचा निकष आहे. नळजोडणी झालेल्या गावात टँकर जात असेल, तर राष्ट्रीय अहवालात त्या गावाचं पाणी ५५ लिटरच्या रकान्यात धरायचं की २० लिटरच्या? २०११ च्या जनगणनेत घरयादीत पाण्याचा मुख्य स्रोत विचारला होता, आणि तो आवारात, आवाराजवळ की दूर, हेही. पाड्यावरच्या बायांनी मला उलट विचारलं होतं, “बाई, आत्ताचं सांगू का पावसाळ्यातलं?” फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता.

शाळेतही हेच पाहिलं. माझ्या नोकरीच्या काळात पट धरायचा तो ३० सप्टेंबरचा. त्या दिवशी सगळी मुलं गावात असतात, भात उभा असतो. दिवाळी झाली की घरंच्या घरं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला निघतात. काही मुलं आजीजवळ राहतात, बरीचशी आईबापांबरोबर जातात. जानेवारीत वर्गात मुलं विरळ व्हायची आणि पट तेवढाच राहायचा. ज्या द्राक्षांच्या निर्यातीवर नाशिकचा विकास मोजला जातो, त्याच बागांमध्ये कागदावर शाळेत असलेली मुलं धाकट्या भावंडांना सांभाळत बसलेली असतात. एक आकडा आठव्या, आर्थिक वाढीच्या ध्येयात जातो, दुसरा चौथ्या, शिक्षणाच्या ध्येयात, आणि दोन्ही चांगलेच दिसतात. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. जनगणना गृह मंत्रालयाकडे असते हे मला माहीत आहे. तरी सांगते, माणसं मोजली जातात ती त्याआधी फेब्रुवारीत, तेव्हा द्राक्षकाढणी ऐन भरात असते, आणि पेठ-सुरगाण्याची कितीतरी माणसं तेव्हा पेठ-सुरगाण्यात नसतात.

शहराबद्दल थोडक्यात. नाशिकमध्ये तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक इथे मलनिस्सारण केंद्रं आहेत. राज्यांना शाश्वत विकासाचे गुण देणाऱ्या नीती आयोगाच्या पहिल्या निर्देशांकात सांडपाण्याबाबत पाहिलं गेलं ते तयार होणाऱ्या सांडपाण्याच्या तुलनेत केंद्रांची उभारलेली क्षमता किती. क्षमता म्हणजे नदीचं पाणी नव्हे. गंगापूर धरणातून विसर्ग असतो तेव्हा गोदावरी स्वच्छ दिसते. सिंहस्थाची मुख्य स्नानं २०१५ मध्ये ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झाली, २०२७ मध्येही पावसाळ्यातच आहेत. खरी परीक्षा एप्रिलमध्ये असते. तेव्हा प्रवाह नावालाच उरतो आणि शहराच्या खालच्या अंगाला नदीवर पाणवेलींचा थर साचतो. स्नानाच्या पाण्यासाठी बीओडी (पाण्यातली घाण कुजायला लागणारा ऑक्सिजन) लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी असा निकष आहे. तो एप्रिलमध्ये तपासलेल्या पाण्याला लावा. हेच पाणी पुढे नांदूरमध्यमेश्वरला जातं, महाराष्ट्रातल्या पहिल्या रामसर स्थळाला, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेला. ती जागा यादीत आल्याचा आनंद आम्हालाही आहे, पण तिथे येणारं पाणी कसं आहे हेही त्याच अहवालात वाचायला मिळालं पाहिजे.

नीती आयोगाच्या निर्देशांकात देशाचे १०० पैकी गुण २०१८ मधल्या ५७ वरून २०२३-२४ मध्ये ७१ वर गेले. याच काळात मोजलेले निर्देशक ६२ वरून ११३ झाले. मोजायच्या गोष्टीच बदलल्या असताना या दोन आकड्यांची थेट तुलना करू नये, हे आकड्याशेजारीच ठळक लिहायला हवं. वर्तमानपत्रात फक्त वाढ छापून येते.

जानेवारी २०२५ पासून राष्ट्रीय सर्वेक्षणांचे नमुने निवडताना जिल्हा हा मूळ घटक धरायला आपल्या मंत्रालयाने सुरुवात केली. हे फार चांगलं पाऊल आहे. पण आमच्या जिल्ह्यात १५ तालुके आहेत आणि २०११ मध्येच लोकसंख्या ६१ लाखांवर होती. एवढ्या जिल्ह्याच्या एका आकड्यात पेठ दिसणार नाही. प्रत्येक सर्वेक्षण तालुक्यापर्यंत न्या, असं मी म्हणत नाही. तेवढे नमुने घेणं किती खर्चाचं असेल ते समजतं. पण तालुक्याची माहिती सरकारकडे आधीच आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. टँकरचा अहवाल दर आठवड्याला तयार होतो, किती गावं, किती वाड्या, किती टँकर. अंगणवाडीत मुलांची वजनं दर महिन्याला होतात. यातलं बरंचसं आमच्या सेविका, ग्रामसेवक आणि तलाठी भरतात आणि टंचाईची बैठक संपली की फाइल बंद होते.

तेव्हा माझी विनंती अशी. राष्ट्रीय चौकटीत प्रत्येक निर्देशकापुढे तो कोणत्या महिन्यात मोजला, हे छापावं. ऋतूप्रमाणे बदलणाऱ्या निर्देशकांसाठी वर्षातल्या सर्वांत वाईट महिन्याचा आकडा सरासरीच्या शेजारी द्यावा. पाण्यासाठी टँकरवर काढलेले दिवस हा स्वतंत्र निर्देशक असावा आणि तो तालुकानिहाय मिळावा. आणि निर्देशक नव्याने ठरवणाऱ्या समितीत खात्यांच्या अधिकाऱ्यांबरोबर प्रत्यक्ष फॉर्म भरणाऱ्या माणसांनाही बसवावं. कोणता प्रश्न विचारल्यावर समोरचा अडखळतो, हे त्यांना पाठ असतं.

चौकटीचा प्रगती अहवाल दरवर्षी २९ जूनला येतो. पुढच्या अहवालात सगळं होणार नाही हे मान्य आहे. पण पिण्याच्या पाण्याचा एक तरी तक्ता तालुकानिहाय आणि मे महिन्याचा द्यावा. तो आम्ही इथे ग्रामसभेत वाचून दाखवू आणि चुकला असेल तर कुठे चुकला ते आपल्याला लेखी कळवू.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
नाशिक