इमर्जन्सी नेमकी कशाला म्हणायची?

महोदय,

पत्रिका छापायची राहिली तरी ‘इमर्जन्सी आहे हो’, आणि छातीत कळ आली तरी तेच! इंग्रजीतल्या या एका शब्दाला आपण वाट्टेल तिथे राबवतो. मराठीने खरे तर कामे नीट वाटून दिली आहेत. २५ जून १९७५ रोजी राज्यघटनेच्या ३५२व्या कलमाखाली पुकारली गेली ती आणीबाणी. दवाखान्यात असते ती तातडी. आणि एसटीत लिहिलेले असते ते ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’. ही पाटी मला फार आवडते. नुकते वाचायला शिकलेले पोरही ती वाचून दार कशासाठी आहे ते सांगते.

रुग्णालयांत मात्र सावळागोंधळ. कुठे ‘आपत्कालीन कक्ष’, कुठे ‘अपघात विभाग’, कुठे नुसतेच ‘कॅज्युअल्टी’. मध्यरात्री पेशंटला रिक्षातून उतरवणाऱ्याने पळायचे कुठे? अपघात झालेला नसेल तर ‘अपघात विभागा’त जायचे की नाही, असा प्रश्न पडलेले नातेवाईक मी पाहिले आहेत. आपत्ती म्हटले की तर पूर नाहीतर भूकंपच आठवतो.

इमर्जन्सी कशाला म्हणायचे नाही, याबाबत रेल्वेने निदान व्यवहार चोख ठेवला आहे. पुरेशा कारणाशिवाय साखळी ओढली तर १ वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड.

आरोग्य विभागाने सर्व सरकारी रुग्णालयांच्या फाटकावर ‘तातडीचे उपचार’ ही एकच पाटी, बाणासह आणि रात्री दिसेल अशी लावावी, ही विनंती.

– एक वाचक, सातारा