मुंबईच्या दमट हवेत खोक्यातले फर्निचर किती टिकते, हे विकताना सांगितले पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबईतील मध्यमवर्गीय घरांत फर्निचर येण्याची रीत गेल्या दहा-पंधरा वर्षांत पालटली आहे. मिस्त्रीला घरी बोलावून, त्याच्याबरोबर जाऊन प्लायवूड निवडून, दोन-तीन आठवडे भुसा आणि ठोकाठोक सोसून कपाट करवून घेण्याऐवजी आता सपाट खोक्यांतून सुटे भाग येतात आणि दुकानाचा माणूस दोन तासांत ते जोडून निघून जातो. डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईत तुर्भे येथे आयकियाचे दालन उघडले तेव्हा या पद्धतीची बरीच चर्चा झाली, परंतु ऑनलाइन विक्रेत्यांनी आणि उपनगरांतील लहानमोठ्या दुकानांनी ती त्याआधीच घरोघर पोहोचवली होती. वरळीच्या बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीतून पुनर्विकासाच्या ५०० चौरस फुटांच्या घरात जाणारी कुटुंबे असोत किंवा विरार-बदलापूरकडे पहिले घर घेणारी तरुण जोडपी असोत, कपाट, पलंग आणि मुलांचे अभ्यासाचे टेबल आज बहुधा अशाच खोक्यांतून येते आणि पुष्कळदा मासिक हप्त्यांवर येते. त्यामुळे हप्ते फिटेपर्यंत ते धड राहील का, ही साधी शंका अनेकांच्या मनात असते. तिचे उत्तर मात्र विक्रेता देत नाही.

मी अनेक वर्षे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सुतारकाम शिकवले असून, आजही परिचितांची बिघडलेली कपाटे पाहण्याचे काम माझ्याकडे येते. असे फर्निचर सरसकट टाकाऊ असते, हे माझ्या पिढीतील अनेक कारागिरांचे मत मला मान्य नाही. त्याची स्वस्ताई दोन ठिकाणांहून येते. सपाट खोकी ट्रकमध्ये दाटीने रचता येतात, गोदामात जागा कमी लागते आणि जोडणीची मजुरी कारखान्यात पडत नाही. ही बचत चोख आहे आणि तिच्यामुळे वस्तूचे आयुष्य कमी होण्याचे कारण नाही. दुसरी बचत मालात होते. बोर्ड पातळ घेतला जातो, दिसणार नाहीत अशा कडा उघड्या सोडल्या जातात, पाठीला पुठ्ठ्याइतका पातळ बोर्ड लावला जातो आणि बिजागऱ्या हलक्या वापरल्या जातात. दुकानात उभ्या असलेल्या दोन सारख्या दिसणाऱ्या कपाटांपैकी कोणत्यात पहिली बचत आहे आणि कोणत्यात दुसरी, हे ग्राहकाला कळत नाही, आणि माझी तक्रार नेमकी याबद्दल आहे.

‘इंजिनिअर्ड वुड’ या एका नावाखाली प्लायवूड, एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड) आणि पार्टिकल बोर्ड हे तिन्ही विकले जातात, आणि मुंबईच्या हवेत त्यांचे वागणे अगदी वेगवेगळे असते. स्वस्त फर्निचर बहुतांशी पार्टिकल बोर्डाचे असते. लाकडाच्या चिपा आणि भुसा, आपल्या राज्यात उसाचा चोथाही, सामान्यतः यूरिया-फॉर्मल्डिहाइड राळेत, म्हणजे एका रासायनिक डिंकात, मिसळून उष्णतेखाली दाबला की हा बोर्ड तयार होतो, आणि वर मेलामाइनमध्ये भिजवलेला छापील कागद चढवला की तो सागासारखा किंवा अक्रोडासारखा दिसू लागतो. हा वरचा थर चांगला असतो. त्यावर चहा सांडला तरी काही बिघडत नाही. धोका असतो तो कडांना. जिथे बोर्ड कापलेला आहे, जिथे स्क्रूसाठी भोक पाडलेले आहे आणि जिथे कडपट्टी लावलेली नाही, तिथून पाणी आत शिरते, आणि दाबून बसवलेल्या चिपा मूळ आकाराकडे परतू लागतात. सागाची फळी पावसाळ्यात फुगते आणि हिवाळ्यात पुन्हा बसते. पार्टिकल बोर्ड मात्र एकदा फुगला की चहात बुडवलेल्या खारीसारखा आतून सुटतो आणि वाळला तरी पूर्ववत होत नाही, कारण राळेचे बंध तुटलेले असतात. यूरिया-फॉर्मल्डिहाइड राळ ओलाव्यात हळूहळू विघटित होते, हा तिचा गुणधर्मच आहे.

आता मुंबईचा विचार करावा. जुलै-ऑगस्टमध्ये येथील सापेक्ष आर्द्रता अनेक दिवस ८५ टक्क्यांच्या आसपास राहते. अशा हवेत लाकडातील ओलाव्याचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांवर स्थिरावते, तर ५० टक्के आर्द्रतेच्या हवेत ते ९ टक्क्यांच्या जवळपास असते. म्हणजे कोरड्या प्रदेशात वर्षानुवर्षे नीट उभे राहणारे कपाट येथे दरवर्षी पावसाळाभर जवळपास दुप्पट ओलावा घेऊन उभे असते. तरीही निव्वळ हवेने कपाट मोडल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. बहुतेक कपाटे खालून जातात. आपल्याकडे लादी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते, आणि कपाटाच्या दोन्ही बाजू व समोरची खालची पट्टी थेट लादीवर टेकलेली असते. त्या खालच्या कडेला कारखान्यात कडपट्टी लावलेली नसेल, तर रोजचे ते थोडेसे पाणी ती शोषून घेते. दोन-तीन पावसाळ्यांत तळाकडची दोन बोटे उंचीची कड फुगते, दारे तिरकी होतात, आणि घरातली माणसे बिजागरी बदलायला निघतात, जिचा यात काहीही दोष नसतो. स्वयंपाकघरातील सिंकखालचे कपाट आणि न्हाणीघराच्या भिंतीला टेकवलेले कपाट यांची अवस्था याहून लवकर होते. शेवटच्या मजल्यावर किंवा पश्चिमेकडील भिंतीला ओल असलेल्या घरात कपाटाची पाठ प्रथम बुरशी धरते आणि मग सुटते.

यावर उपाय महाग नाही. कपाट तीन-चार इंच उंचीच्या पीव्हीसी पायांवर उभे केले, भिंतीपासून दोन बोटे अंतर सोडले आणि जोडणी करण्यापूर्वी उघड्या कडांवर व भोकांत वॉर्निशचा किंवा पातळ फेविकॉलचा हात मारला, तर तेच कपाट दुपटीने टिकते, असा माझा अनुभव आहे. जोडणाऱ्या माणसाला त्यासाठी अर्धा तास अधिक लागतो, परंतु त्याला दिवसाला ठरावीक जोडण्या पूर्ण करायच्या असतात आणि हे काम त्याच्या यादीत नसते.

दुसरा मोठा प्रश्न स्थलांतराचा आहे, आणि तो भाड्याने राहणाऱ्या मुंबईकरांना विशेष लागू होतो. येथील लिव्ह अँड लायसन्सचे करार साधारणपणे अकरा महिन्यांचे असतात. सुट्या भागांचे फर्निचर खोलून नेता येते, म्हणून ते भाडेकरूला सोयीचे, असे विक्रेते सांगतात. प्रत्यक्षात मिनीफिक्स (पिळून आवळायचा धातूचा खटका) आणि लाकडी डॉवेल (भोकात बसणारी गोल खुंटी) यांची जोडणी पहिल्यांदा घट्ट बसते, दुसऱ्यांदा बरी बसते, आणि त्यानंतर भोकांच्या कडा भुगा होऊन सुटू लागतात. बिजागरीचे स्क्रू तर पार्टिकल बोर्डात एकदाच नीट धरतात. सुटलेल्या भोकात फेविकॉल लावलेली लाकडाची काडी ठोकून पुन्हा स्क्रू पिळणे हा जुना उपाय चालतो, तथापि तो डागडुजीचा आहे. वरचेवर घर बदलावे लागणाऱ्या कुटुंबाने लोखंडी कपाट आणि घडीचे टेबल घ्यावे, असे मी सांगतो. आपल्या आईवडिलांच्या घरातले गोदरेजचे कपाट पाच बिऱ्हाडे फिरूनही दार लावताना तसाच आवाज करते, हे अनेक वाचकांनी पाहिलेच असेल.

फळ्यांविषयी थोडे हिशोबाने लिहितो, कारण पुस्तके ठेवणाऱ्या घरांत सर्वाधिक निराशा येथे होते. एक मीटर लांबीच्या फळीवर दाटीने लावलेल्या पुस्तकांचे वजन वीस ते तीस किलो भरते. समान पसरलेल्या वजनाखाली फळीचा झोल, म्हणजे मध्यभागी येणारा वाक, तिच्या लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो आणि जाडीच्या तिसऱ्या घाताने कमी होतो. म्हणजे दोन फुटांची फळी तीन फूट केली, आणि पुस्तके तशाच दाटीने लावली, तर झोल पाचपट होतो. उलट १५ मिलिमीटरऐवजी १८ मिलिमीटर जाडी घेतली, तर तो जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटतो. पार्टिकल बोर्डाचा ताठपणा सागाच्या साधारण चौथा हिस्सा असतो, आणि सतत वजन राहिले की झोल महिनोनमहिने वाढत जाऊन सुरुवातीच्या दुपटीहून अधिक होतो. त्यामुळे तीन फुटी फळी दुकानात सरळ दिसते आणि घरी दुसऱ्या वर्षी वाकते, यात नवल काहीच नाही. मधोमध एक उभा आधार दिला की प्रश्न सुटतो, पण तो खोक्यात येत नाही.

पाठीबद्दलही लोकांना माहिती नसते. तीन मिलिमीटरची ती पातळ चादर केवळ झुरळे आणि धूळ अडवण्यासाठी असते, असे समजून जोडणारे चार खिळ्यांत ती अडकवतात. खरे तर संपूर्ण चौकट काटकोनात उभी ठेवण्याचे काम तीच करते. तिच्या कडेने वीतभर अंतरावर खिळे हवेत, आणि शक्य असेल तर तिच्या जागी सहा मिलिमीटरचे प्लाय घालावे.

येथे सुरक्षिततेचाही प्रश्न येतो. उंच आणि हलके कपाट, त्यातही ड्रॉवरचे, भिंतीला बांधलेले नसेल तर लहान मूल ड्रॉवरवर चढताच पुढे कोसळू शकते. अमेरिकेत मुलांचे मृत्यू झाल्यानंतर जून २०१६ मध्ये आयकियाला तेथील सुमारे २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटे परत घ्यावी लागली, आणि २०२२ मध्ये त्या देशाने याविषयी स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे भिंतीला लावायची पट्टी खोक्यात आली, तरी घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही म्हणून ती तशीच पिशवीत राहते. घरमालकांनी निदान एवढ्या एका भोकाला तरी हरकत घेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

विक्रेत्यांकडून अपेक्षा मोठी नाही. बोर्ड कोणता, त्याची जाडी किती, तो कोणत्या भारतीय मानकानुसार आहे, सर्व कडांना पट्टी आहे की फक्त दर्शनी कडांना, आणि एका फळीवर किती किलो वजन चालेल, एवढ्या गोष्टी किमतीच्या शेजारी मराठीत लिहिलेल्या असाव्यात. मानके अस्तित्वात आहेतच. प्री-लॅमिनेटेड पार्टिकल बोर्डासाठी आयएस १२८२३, सर्वसाधारण प्लायवूडसाठी आयएस ३०३ आणि पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायवूडसाठी आयएस ७१० आहे. (प्लायवूडवरील एमआर, म्हणजे मॉइश्चर रेझिस्टंट, या शिक्क्याचा अर्थ पाण्यात टिकणारे असा अनेक ग्राहक करतात. ते प्लायवूड फक्त दमटपणा सोसते.) केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये फर्निचरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेशही काढला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूचा दर्जा आणि मानक यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि ‘इंजिनिअर्ड वुड’ एवढेच लिहिल्याने तो हक्क पुरा होतो असे मला वाटत नाही.

वॉरंटीची स्थिती याहून वाईट आहे. मी पाहिलेल्या बहुतेक वॉरंटीपत्रांत ओलावा, पाणी आणि बुरशी यांमुळे होणारे नुकसान वगळलेले असते. ज्या शहरात फर्निचर प्रामुख्याने ओलाव्यानेच बिघडते, तेथे हे कलम ठेवून दिलेली तीन वर्षांची वॉरंटी ग्राहकाला फारशी उपयोगाची नाही. पूर आला किंवा नळ फुटला तर विक्रेत्याची जबाबदारी नाही, हे मान्य करता येईल. परंतु पावसाळ्यातील हवा आणि रोजची लादी पुसणे ही घराची नेहमीची स्थिती आहे, आणि तिच्यात वस्तू टिकली पाहिजे असे कोकणपट्टीत माल विकणाऱ्याने गृहीत धरलेच पाहिजे. असे नुकसान झाल्यावर दावा फेटाळला गेला, तर ग्राहकांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. खरेदीची पावती आणि संकेतस्थळावरील वर्णनाचे छायाचित्र मात्र जपून ठेवावे, कारण ते वर्णन नंतर बदललेले आढळते.

मोडलेल्या पार्टिकल बोर्डाला भंगारवालाही घेत नाही. जुने सागवानी कपाट ओशिवऱ्याच्या बाजारात पुन्हा विकले जाते, लोखंडी कपाट किलोवर जाते, आणि हा फुगलेला बोर्ड सोसायटीच्या जिन्याखाली किंवा कचराकुंडीजवळ पडून राहतो. त्याच्या किमतीत हा शेवटचा भार कोणीही धरत नाही.

मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून या शहरात ग्राहकांसाठी काम करीत आहे. तिने बाजारातील पाच-सहा प्रचलित कपाटे विकत घेऊन एका साध्या घरात जूनपासून सप्टेंबरपर्यंत, रोज लादी पुसून, वापरात ठेवावीत, त्यांच्या तळाची जाडी आणि फळ्यांचा झोल दर महिन्याला मोजावा, आणि ते आकडे नावांसह आपल्या वृत्तपत्राने दिवाळीच्या खरेदीपूर्वी छापावेत, अशी माझी सूचना आहे. मोजमापाच्या कामात मी विनामूल्य मदत करण्यास तयार आहे.

आपला,
सुतारकामाचा एक निवृत्त शिक्षक,
मुलुंड (पूर्व), मुंबई